उबुंटूवर स्कॅनर फक्त सुडोनेच चालतो? माझा अनुभव

अमळनेरच्या घरी आजीची कानबाईच्या अहिराणी गाण्यांची वही आहे. पानं शिवणीतून सुटत चाललीत, मोबाइलच्या फोटोत ओळी वाकड्या येतात. म्हणून जुना फ्लॅटबेड स्कॅनर जोडला.

लक्षण असं: 'एलएसयूएसबी'त (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा) स्कॅनर दिसतो, 'सुडो स्कॅनइमेज -एल' (सुडो म्हणजे रूटच्या, मुख्य प्रशासकाच्या हक्काने; स्कॅनइमेज -एल म्हणजे स्कॅनर शोधणं) दिलं की सापडतो, सुडोशिवाय मात्र नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, सेन (लिनक्सवर स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकलं. काडीचा फरक नाही. जीव अगदी मेटाकुटीला आला.

सुडोने चालतो म्हणजे ड्रायव्हर ठीक, घोडं अडतंय परवानगीपाशी. सेनसोबत येणाऱ्या ओळखीच्या स्कॅनरांच्या यादीत या मॉडेलचा आयडी नव्हता.

आधी 'एलएसयूएसबी'तला आयडी टिपा: कोलनआधीची चार अक्षरं व्हेंडर, नंतरची चार प्रॉडक्ट. मग 'ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' फोल्डरमध्ये (यूडेव्ह म्हणजे जोडलेली उपकरणं हाताळणारी यंत्रणा, तिचे नियम इथे असतात) रूट म्हणून नवी फाइल करा; नावाची सुरुवात 65, शेवट '.रूल्स'. आत एकच ओळ: 'आयडीव्हेंडर' आणि 'आयडीप्रॉडक्ट' हे दोन्ही अ‍ॅट्रिब्यूट दुहेरी बरोबर चिन्हाने जुळवा, स्वल्पविराम, मग एन्व्हमधल्या (उपकरणावरच्या खुणांमधल्या) 'लिबसेन_मॅच्ड'ला एकेरी बरोबर चिन्हाने 'येस'. आकडा 70 पेक्षा लहानच हवा. ही खूण असलेल्या उपकरणावर लॉगिन केलेल्याला हक्क देणारा सिस्टमडीचा (उबुंटूच्या मूळ सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीचा) नियम 70 च्या फाइलीत असतो आणि फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. आपली ओळ त्याच्यामागे गेली तर व्यर्थ.

शेवटी 'सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' द्या, स्कॅनरची केबल काढून परत लावा. रीबूट लागत नाही. वही मी 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके), ग्रे मोडमध्ये घेतोय. पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्याही वाचता येतात.