धुळीमागचा स्फोट: लॉग कागदावर धूळ कशी मोजायची

दूरच्या दीर्घिकेत कधीकधी गॅमा किरणांचा प्रचंड स्फोट होतो आणि त्यानंतर चकाकी मागे उरते. त्या चकाकीवरून वाटेतली धूळ मोजता येते. उन्हाळी सुट्टीत आमच्या रामबागेतल्या गच्चीवर भाचेकंपनी जमली की हे शिकवताना मी सुरुवात दुधापासून करते. काचेच्या उभट ग्लासात पाणी भरा, अंधारात त्याच्या बुडाशी पांढरा टॉर्च धरा आणि दूध एकेक थेंब सोडा. चार-पाच थेंबांत बाजूने पाणी निळसर दिसू लागतं. वरून वाकून पाहिलं तर टॉर्चचा ठिपका आधी पिवळट, मग नारिंगी. निळा उजेड वाटेतच इकडेतिकडे पांगला!

दूरच्या दीर्घिकेतली धूळ हेच करते, शिवाय काही उजेड गिळून तापते. गॅमा किरण मात्र तिच्यातून आरपार जातात. त्यामुळे स्फोट नोंदला जातो, पण त्यानंतरची चकाकी कधीकधी दृश्य उजेडात दिसतच नाही.

आता खजुरी बाजारातून लॉग-लॉग आलेखाचा कागद आणा, म्हणजे ज्याच्या दोन्ही अक्षांवरच्या खुणा १, १०, १०० अशा दहापटींनी वाढतात. आडवी वारंवारता, उभं तेज. चकाकी भराभर मंदावते, म्हणून सगळी मापं एकाच वेळची घ्या. हा उजेड चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा असतो, त्यामुळे धूळ नसती तर बिंदू सरळ रेषेत बसले असते, फार तर मध्ये एक वाकण. क्ष-किरणांकडून रेषा दृश्य उजेडापर्यंत ओढा. बिंदू जितके खाली, तितकी धूळ. ही तूट प्रतीत, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायच्या मापात सांगतात: ५ प्रतींची तूट म्हणजे उजेड १०० पटींनी घटला.

इथे घाई करू नका. आधी आपल्या आकाशगंगेची धूळ वजा करा. पहिल्या वर्षी मी ते विसरले आणि मुलांचे सगळे आलेख पुन्हा काढावे लागले. मग रेडशिफ्ट, म्हणजे विश्व प्रसरण पावल्याने वाटेत उजेडाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचं माप. तो २ असेल तर तरंगलांबी तिप्पट होते. आपल्याला ६५२.५ नॅनोमीटरला लाल दिसणारा उजेड तिथून २१७.५ ला, म्हणजे अतिनील म्हणून निघाला होता. अतिनीलच धुळीत सगळ्यात जास्त अडतो, आणि नेमका २१७.५ पाशी काही धुळींचा खास खड्डा असतो. तो सापडला की पोरं ओरडतात, मीही.

आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा पुरावा ९ ऑक्टोबर २०२२ च्या गॅमा किरण स्फोटाने दिला. त्याच्या क्ष-किरणांची २० कडी दिसली. धुळीच्या ढगावर जरा वळून आलेले किरण लांबच्या वाटेने, उशिरा पोचतात. ढग १,००० प्रकाशवर्षांवर असेल तर एका दिवसाने कड्याची त्रिज्या सुमारे ८ कला भरते (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). गच्चीवरून पौर्णिमेचा चंद्र दाखवून मी सांगते, याच्या अर्ध्या रुंदीचं कडं.