नडीच्या काळात संग्रहातली पेनं विकताना

माझ्याकडे शाईची ६३ पेनं होती. आज ४९ आहेत. मधली १४ मी एका वर्षात विकली. नवऱ्याचं आजारपण लांबलं, त्याचा पगार थांबला आणि माझ्या मुद्रितशोधनाच्या कामावर घर चालेना. १४ पैकी पहिली तीन मी चुकीच्या पद्धतीने विकली, उरलेली ११ नीट विकली. दोन्हीतून जे कळलं ते इथे लिहिते आहे. मला पेनंच कळतात म्हणून पेनांबद्दल लिहिते. कॅमेरे, घड्याळं, रेकॉर्ड जमवणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल.

आधी चूक सांगते. बिल भरायची तारीख दोन दिवसांवर आली होती. मी तीन पेनं रुमालात गुंडाळून जुन्या पेनांच्या एका व्यापाऱ्याकडे गेले आणि दारातच म्हणाले, ‘आज पैसे मिळतील का?’ तिथेच भाव पडला. त्या तिघांत माझं हिरव्या पट्ट्यांचं पेलिकन ४०० होतं. हे मॉडेल १९५० साली आलं. माझं पेन तेव्हाच्या सुरुवातीच्या वर्षांतलं, मागची गुंडी फिरवली की शाई ओढून घेणारं. १९ वर्षं मी त्याने प्रुफं तपासली होती. नाव मोठं, म्हणजे पैसेही चांगले येतील असं वाटलं. त्याने भिंगातून निब पाहिली आणि टोक एका बाजूने झिजलंय म्हणून भाव आणखी उतरवला. ते टोक माझ्या हाताच्या कलाने झिजलं होतं. तशी रेघ मला नंतर कुठल्याच पेनातून मिळाली नाही.

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. म्हणून गरज दाराशी येऊन उभी राहण्याआधी, डोकं शांत असताना थोडं काम करून ठेवायचं.

आधी आकडा

पहिलं काम कागदावर. किती पैसे हवेत आणि कधीपर्यंत, हे दोन आकडे लिहा. ‘थोडेफार विकून बघू’ असं म्हणून सुरुवात करू नका, कारण मग थांबायचं कुठे ते कळत नाही. रक्कम लिहिताना हातात काय पडेल त्याचा हिशेब धरा. विकायच्या जागेचं कमिशन, पाठवणावळ, विमा, पॅकिंगचं सामान हे सगळं वजा होतं. तारखेवरून कुठे विकायचं तेही ठरतं. व्यापारी लगेच रोख देतो, पण त्याला ते पेन दुरुस्त करायचं असतं, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळायचं असतं आणि त्यावर कमवायचंही असतं. त्यामुळे तो बाजारभावाच्या बराच खाली राहणार, आणि त्यात त्याची लबाडी नाही. विकून देण्यासाठी पेन त्याच्याकडे ठेवलं तर जास्त मिळतं, पण वेळ लागतो. थेट दुसऱ्या संग्राहकाला विकलं तर सगळ्यात चांगला भाव येतो आणि सगळ्यात जास्त मेहनतही पडते. मी दोन महिन्यांची मुदत धरली होती. ती पुरली, जेमतेम.

कोणती द्यायची

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी दोन दिवस दिले.

सगळी पेनं दिवसाच्या उजेडात पांढऱ्या चादरीवर मांडली. प्रत्येकाची वहीत नोंद केली: कंपनी, मॉडेल, शाई कशी भरते, निबेवर काय कोरलंय, टोपणाच्या काठाला चीर आहे का, मुलामा उडून पितळ दिसतंय का. मग जी वापरात होती त्यांनी अर्धं अर्धं पान लिहिलं. लिहिताना पेन भरू नका, निब शाईत बुडवून लिहा. भरलं की नंतर धूत बसावं लागतं. आणि ज्या पेनात आजवर शाई गेलेलीच नाही, ज्याच्यावर कंपनीचं लेबल तसंच आहे, त्याला शाईचा थेंबही लागू देऊ नका. न वापरलेलं जुनं पेन एकदा बुडवलं की ते वापरलेलं होतं, आणि भाव तिथेच खाली येतो.

आपल्याला वाटतं, कमी किमतीची द्यावीत, मोठी राखावीत. मीही तसंच करणार होते. पण हिशेब मांडल्यावर दिसलं की लहानसहान २५ पेनं विकूनही रक्कम पुरी होणार नाही, २५ वेळा फोटो, पत्रव्यवहार आणि पॅकिंग मात्र होईल. शेवटी मोठं एखादं द्यावं लागणारच, आणि तोवर अर्धा संग्रह गेलेला असेल. तेव्हा थोडी द्या, पण भारी द्या.

भारीतली कोणती, याचं उत्तर मला व्यापाऱ्याच्या त्या भिंगाने दिलं. आपल्याला पेन ज्यामुळे जवळचं वाटतं, बाजार नेमका त्याचाच भाव कापतो. वडिलांच्या पार्करवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. कोरलेल्या नावाला बहुतेक गिऱ्हाइकं दोष समजतात. एका पेनाच्या टोपणावर माझ्या मुलीच्या दातांचे व्रण आहेत. ही पेनं विकून फारसं काही येणार नव्हतंच, तेव्हा ती निवांतपणे बाजूला ठेवता आली. उलट माझ्याकडे चार पेनं अशी होती की मूळ डबीत, लेबलासकट, ११ वर्षं कपाटात. पाहायला सुंदर, पण माझ्या हाताला त्यांची ओळखच नव्हती. ठरवलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त या चारांनी भरून काढली.

तुमच्या संग्रहातही अशा वस्तू असतील. त्या शोधायला एक सोपा प्रश्न: गेल्या वर्षभरात मी ही वस्तू वापरायला काढली का, की फक्त आहे ना हे बघायला? दुसरं उत्तर आलं तर ती विक्रीच्या बाजूला ठेवा. हातातलं रोजचं पेन मात्र देऊ नका. मी ते दिलं.

एक मोह टाळा. सोन्याच्या निबेवर ५८५ किंवा ७५० असा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत तितके भाग सोनं. १४ आणि १८ कॅरेट. सोन्याचा भाव ऐकून निब काढून सराफाला द्यावीशी वाटते. पण निब अगदी हलकी असते, बहुतेकदा एका ग्रॅमच्याही आत. तिचं सोनं विकून जे येईल त्यापेक्षा अख्खं पेन, अगदी दुरुस्तीला आलेलंही, सहसा जास्त मिळवून देतं.

हात आवरा

विकायच्या आधी वस्तू चकचकीत करायची हौस येते. तिथेच नुकसान होतं.

काळं एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, उजेडाने आणि ओलाव्याने तपकिरी पडतं. एबोनाइटचं पेन रात्रभर पाण्यात ठेवलं तर सकाळी ते काळं राहिलेलं नसतं. काही जुनी पेनं केसीनची, दुधातल्या प्रथिनापासून केलेली असतात. ती पाण्यात फुगतात. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, त्यामुळे अडकलेला भाग सैल करायला मेणबत्ती किंवा लायटर जवळ आणू नका. बाजूला खटका असलेल्या पेनात आत रबरी पिशवी असते. ती वर्षानुवर्षांनी दगडासारखी होते. खटका हलत नसेल तर जोर करू नका, खटका तुटतो नाहीतर पेनाची बाहेरची नळीच तडकते. फक्त निबेचा भाग साध्या थंड पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने पुसा. पॉलिश लावून घासलं की नळीवर कोरलेली कंपनीची अक्षरं पुसट होतात, आणि जाणकार आधी तीच अक्षरं पाहतो.

दुरुस्त करून विकावं का? माझ्याकडे शेफरचं एक स्नॉर्कल होतं. हे मॉडेल १९५२ साली आलं. निबेखालून बारीक नळी बाहेर येते आणि तीच शाई ओढते. फार देखणी युक्ती, पण आत पिशवी, रिंगा, वायसर अशी बरीच रबरी मंडळी, आणि माझ्या पेनातली सगळी मेलेली. दुरुस्तीची मजुरी आणि दुरुस्त पेनाला मिळणारा जास्तीचा भाव जवळजवळ सारखाच निघाला. मग मी ते जसं होतं तसं, ‘शाई भरत नाही, दुरुस्ती केलेली नाही’ असं स्पष्ट लिहून विकलं. एका दुरुस्ती करणाऱ्यानेच आनंदाने घेतलं.

वर्णन आणि भाव

आपल्याकडे नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय भाव सांगू नका. पार्कर ५१ चं उदाहरण घ्या. हे पेन १९४१ साली बाजारात आलं, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली. १९४८ पर्यंतच्या पेनांत मागचं छोटं टोपण काढलं की दट्ट्या दिसतो, आत रबरी पडदा असतो आणि तो बहुतेकदा बदलावा लागतो. १९४८ पासून आलेल्या प्रकारात नळी काढली की धातूच्या आवरणातली पिशवी दिसते. ती प्लॅस्टिकची असल्याने इतक्या वर्षांनीही पुष्कळदा नुसती धुतली की चालू होते. बाहेरून दोन्ही सारखीच वाटतात. मी माझं उघडून पाहिलं नसतं तर चुकीचंच लिहून बसले असते. टोपण एका पेनाचं आणि नळी दुसऱ्याची, असंही होतं; तशी शंका असेल तर तीही लिहा.

भाव काढताना लोक काय मागतात ते पाहू नका, कितीला विकलं गेलं ते पाहा. तेच मॉडेल, तीच अवस्था, शक्यतो पाच-सहा पुरे झालेले व्यवहार. मागणी कोणीही कितीही लावतो. अजून बनत असलेल्या पेनांना नव्याची किंमत हेच छप्पर असतं. लॅमी २००० हे १९६६ पासून आजतागायत बनतंय. माझं जुनं म्हणून कोणी जास्त देईल ही आशा मी सोडून दिली.

फोटो खिडकीजवळ काढा, ऊन थेट पडू देऊ नका. बंद पेन, उघडं पेन, निब वरून आणि बाजूने, टोपणाचा काठ, कोरलेली अक्षरं, शेजारी पट्टी. जिथे चीर आहे तिथला फोटो सगळ्यात जवळून. मी लिहून पाहिलेल्या अर्ध्या पानाचाही फोटो जोडायची, आणि तो पाहूनच दोघांनी विचारणा केली. दोष आधी सांगितला की घासाघीस कमी होते, आणि पेन परत येण्याची धास्ती राहत नाही.

आपली अडचण मात्र सांगू नका. खोटं बोलायची गरज नाही. ‘संग्रह थोडा कमी करते आहे’ एवढं पुरेसं आणि खरं आहे. मनात एक तळाचा आकडा ठरवा आणि त्याखालच्या निरोपांना दुसऱ्या दिवशी उत्तर द्या. रात्री अकराला, थकलेली असताना मी एकदा ‘बरं’ म्हणून टाकलं होतं. तेव्हापासून रात्री उत्तरं देणं बंद केलं.

पाठवताना शाई पूर्ण काढा, एक दिवस वाळू द्या, पातळ कागदात गुंडाळून कडक नळीत घाला आणि नळी खोक्यात हलणार नाही अशी ठेवा. आधी पैसे, मग पार्सल. विमा उतरवा.

जाण्याआधी

मनाचंही बघावं लागतं. प्रत्येक वापरातलं पेन जाण्याआधी मी त्याने एक पान लिहिलं: ते माझ्याकडे कसं आलं, कुणी दिलं, त्याने काय काय लिहिलं. शाई त्याची नेहमीची. न वापरलेल्या चारांचे फक्त फोटो चिकटवले. पेलिकनचं पान नाही, ते घाईत गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

ओळखीच्या संग्राहकाला देत असाल तर एक शब्द मागून घ्या: पुढे कधी विकलंत तर आधी मला विचारा. हा करार नसतो, पण मी दोघांकडून असा शब्द घेतला आणि दोघांनीही तो मनापासून दिला. घरातल्यांनाही सांगा. मी पहिली तीन गुपचूप विकली होती. नवऱ्याला रिकामे कप्पे दिसले, आणि त्याच्या औषधांसाठी पेनं गेली हे त्याला असं कळलं. पुढची निवडताना तो चादरीपाशी बसला, वहीतल्या नोंदी त्यानेच केल्या.

रक्कम पुरी झाली की त्याच दिवशी थांबा. भाव चांगला चाललाय, आणखी दोन जाऊ दे, असं वाटतं. माझी ती रक्कम एका मंगळवारी दुपारी पुरी झाली तेव्हा दोन पेनं अजून विक्रीला लावलेली होती. संध्याकाळी दोन्ही उतरवली. एकात हिरवी शाई भरली आणि टेबलावर पडलेलं प्रूफ घेतलं. निब जरा कोरडी चालते, पेलिकनसारखी नाही. हाताला सवय होते आहे.