एकाच धन्याची चाकरी रोजच्या व्यवहारात कशी करावी

माझं इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान आहे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी वडील, म्हणजे कारभार पाहणारा ज्येष्ठ सेवक, म्हणून सेवा करतो. तरुण मुलं विचारतात, "काका, देवाशी एकनिष्ठ राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" मी म्हणतो, गल्ल्यापासून सुरुवात करा. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, असं सांगताना (बायबल, मत्तय ६:२४) येशूने देवासमोर दुसरा धनी म्हणून धनालाच उभं केलं.

तेव्हा दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, महिनाअखेरच्या उरल्यासुरल्यातून काढू नका. कमाई हाती आली की आधी तो बाजूला काढा, मग भाडं, वीजबिल, पोरांची फी. गिऱ्हाईक म्हणालं, "बिल नको, जीएसटी सोडा," तरी पक्कं बिलच द्या. एखादं गिऱ्हाईक तुटेल, तुटू द्या. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी शटर खाली. सीझन असला तरी.

प्रार्थनेचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पुष्कळ जण अडखळतात. खोलीचं दार लावून प्रार्थना करा, असं येशूने सांगितलं ते दिखाऊपणा टाळण्यासाठी. लोक काय म्हणतील या धास्तीने दार लावणं निराळं. राजाची मनाई झाली तरी बायबलातला संदेष्टा दानिएल यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकतच राहिला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं पाहा. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई पुण्याच्या शारदा सदनात, म्हणजे विधवा आणि मुलींसाठी काढलेल्या आपल्या शाळा-वसतिगृहात, आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि शहरात गदारोळ उठला. १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं. बाईंनी ना कुणावर धर्माची सक्ती केली, ना स्वतःची प्रार्थना लपवली. मला त्यांचा फार आधार वाटतो. तुम्हीही डबा उघडल्यावर ऑफिसात चारचौघांत नेहमीसारखे डोळे मिटा, आभार माना, जेवायला लागा. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत सांगा.

रात्री झोपण्याआधी स्तोत्र ८६ मधलं अकरावं वचन स्वतःची प्रार्थना म्हणून म्हणा. देवाचं भय धरायला माझं चित्त एकाग्र कर, अशी दाविदाची विनवणी तिथे आहे. दिवसभरात मन कुठे फाटलं ते त्याच वेळी देवाला नाव घेऊन सांगा: अमुक उधारी, अमुक साहेबाची भीती.

मात्र ही कडक शिस्त स्वतःपुरती ठेवा. बायबलातला अरामी सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर म्हणाला, यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला बली अर्पण करणार नाही. पण धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या देवळात नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. अलीशा संदेष्ट्याने त्याला झापलं नाही, "शांतीने जा" म्हटलं. घरात एकटाच विश्वासात आलेला मुलगा आईसोबत सणाच्या पंगतीला बसला, तर मंडळीत त्याची झाडाझडती घेऊ नका. त्याला रविवारी आपल्या घरी जेवायला बोलवा.