अंगणातलं हातभर तळं
साताऱ्याच्या घरी चार फूट लांब, दीड फूट खोल हौद बांधला, तो आंब्याखाली. पानं कुजून पाणी काळं, ऊन नाही म्हणून कुमुदाला, म्हणजे वॉटर लिलीला, कळीही नाही. दुसरा बांधला तो पाच-सहा तास ऊन येतं तिथे. तुम्ही थेट दुसऱ्यापासून सुरुवात करा.

सिमेंटचा नवा हौद असेल तर घाई नको. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. दोन-तीन आठवडे भरून ठेवा, चार-पाच वेळा उपसून पाणी बदला. मग कुमुदाचा कंद पसरट कुंडीत काळ्या मातीत लावा, वर जाड वाळूचा थर. शेणखत घालू नका, त्याने शेवाळ माजतं.

डासांसाठी आठ-दहा गप्पी मासे पुरतात. पिलावळ वाढली की शेजाऱ्यांना द्या, पण ओढ्यात सोडू नका. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचं.

पहिल्या महिन्यात पाणी हिरवं झालं तेव्हा सासूबाई बादली घेऊन उपसायलाच निघाल्या होत्या. उपसू नका! पानांनी निम्मा हौद झाकला की ते हळूहळू निवळतं. एप्रिल-मेमध्ये मात्र दर दोन दिवसांनी पाण्याची भर घालावी लागते.