कोरियन पुस्तकांचा पडदा बघायचा कसा

म्युझियमच्या कोरियन दालनात कपाट रंगवलेला आठ-दहा पॅनलचा घडीचा पडदा दिसतो, पुस्तकांचे गठ्ठे, फुलदाण्या, मोरपिसं, आणि बहुतेक जण 'छान आहे' म्हणून पुढे सटकतात. मीही सटकलो होतो. हा पडदा वाचायचा असतो, आणि त्याची एक पद्धत आहे.

आधी नावं. पडदा म्हणजे ब्यॉन्गपुंग, शब्दाचा अर्थच वारा अडवणारा. जुन्या कोरियन घरात खालून जमीन गरम पण दारं-खिडक्या कागदाच्या, मग झोत अडवायला हा उभा करायचा. पुस्तकं आणि वस्तूंच्या चित्राला म्हणतात चेक्कोरी, कपाटासकट असेल तर चेक्कादो.

आता उजव्या टोकाला जाऊन उभे राहा. डावीकडून सुरू करू नका, जुनं लिखाण उजवीकडून डावीकडे जायचं आणि पडदाही तसाच. मग चार पावलं मागे या आणि कपाटाच्या कडा बघा, त्या आत खोल जाताना दिसतात ना? ही युरोपची युक्ती, बीजिंगमार्गे कोरियात आलेली. लांबून खरं कपाट वाटावं हाच हेतू.

आणि वाटायचंही. कोरियाच्या जोसॉन घराण्यातल्या राजांच्या सिंहासनामागे सूर्य-चंद्र आणि पाच डोंगरांचा पडदा असायचा (आजच्या 10,000 वॉनच्या नोटेवर राजा सेजोंगच्या मागे तोच आहे), पण 1791 मध्ये राजा जॉन्गजोने मागे पुस्तकांचा पडदा लावला आणि दरबाऱ्यांना विचारलं, दिसतंय का? मग स्वतःच सांगितलं की पुस्तकं नाहीत, चित्र आहे. वाचायला वेळ नाही तर निदान बघून तरी मन रमवावं असं त्याचं म्हणणं, पण खरी चीड वेगळीच होती, त्या काळची शिकलेली मंडळी चीनहून आलेल्या हलक्याफुलक्या लिखाणाच्या नादी लागली होती आणि ह्याला हवे होते जुने अभिजात ग्रंथ. हा माणूस चेक्कोरीसाठी इतका हट्टी की 1788 मध्ये परीक्षेत ती न काढणाऱ्या दोन दरबारी चित्रकारांना त्याने हद्दपार केलं!

हे डोक्यात ठेवून आता जवळ जा आणि पुस्तकं सोडून बाकीचं सामान मोजा. इथेच खरी मजा आहे. आदर्श कन्फ्यूशियन विद्वान म्हणजे साधी राहणी, त्याचे चार मित्र कागद, ब्रश, शाई आणि शाईचा दगड, बस. पण कपाटात काय? चिनी पोर्सेलीन, पोवळं, काही पडद्यांत तर चष्मा आणि घड्याळसुद्धा. पोवळं आणि मोरपीस म्हणजे मोठ्या हुद्द्याची इच्छा, डाळिंब म्हणजे भरपूर मुलगे, पीच म्हणजे दीर्घायुष्य. म्हणजे त्यागाच्या शेजारीच हाव मांडलेली! मला तरी पडदा ह्याच भांडणामुळे आवडतो, नुसती पुस्तकं असती तर कंटाळा आला असता.

पुढे लोकांनी घरोघरी ही चित्रं काढून घेतली तेव्हा कपाट बऱ्याचदा गायबच झालं आणि पुस्तकं भलत्याच कोनात तरंगायला लागली. मागची कड पुढच्यापेक्षा रुंद दिसली तर 'चुकलंय' म्हणू नका.

पडद्यावर पुस्तकांऐवजी मोठी चिनी अक्षरं असतील तर तो मुंजादो. अक्षरं आठ: आईवडिलांची सेवा, भावाभावांतलं प्रेम, निष्ठा, विश्वास, शिष्टाचार, न्याय, सचोटी आणि लाज. पहिल्या अक्षरात मासा शोधा, थंडीत सावत्र आईला मासा हवा म्हणून बर्फावर आडव्या झालेल्या मुलाची गोष्ट त्यात आहे. शेजारी बांबूचे कोंब आणि पंखाही सापडेल. लाज हीसुद्धा सद्गुणात, हे मला फार पटतं.

शेवटचं, चेक्कादोसमोर निघण्याआधी शिक्क्यांचे दगड शोधा. 19व्या शतकातला दरबारी चित्रकार ई ह्यॉन्ग-रोक सही करायचा नाही, पण सामानात एक दगडी शिक्का आडवा पाडून ठेवायचा, त्याच्या तळावर नाव. वाकून बघा, काचेला नाक लावू नका, गार्ड ओरडतो.