खाली माग, वर घर: आगीत बाहेर पडायची वाट कशी काढायची

सोलापुरात खाली माग आणि वर घर ही काय नवीन गोष्ट नाही. आजोबांनी हातमाग घरातच मांडला, वडिलांनी त्याच जागेवर यंत्रमाग टाकले, आता नातू टेरी टॉवेलच्या ऑर्डरी घेतो आणि वरच्या मजल्यावर एसी लावून झोपतो. सूत वाढलं, पॅकिंगच्या पिशव्या वाढल्या, माणसं वाढली, जिना मात्र तोच, अडीच फुटाचा, तोही खाली मागांच्या मधोमध उतरणारा.

१८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ माणसं गेली, मालकाचं कुटुंब आणि कामगार तिथंच राहायला होते, त्यात लहान लेकरूही होतं. मी नकाशे काढतो आणि साईट बघतो, तर तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न एकच विचारतो, "सिलेंडर किती लावू?" आग विझवायचे सिलेंडर म्हणतो तो. लावा की, लावायलाच पाहिजेत. पण पहाटे पावणेचारला धुरात उठलेला माणूस सिलेंडर शोधत नाही, दार शोधतो. म्हणून दाराचंच आधी बोलू.

नवीन बांधणार असाल किंवा जुनंच सुधारणार असाल, नकाशा काढायच्या आधी एक काम करा. रात्री जेवणं झाल्यावर मेन स्विच बंद करा, घरातल्या एखाद्या पोराच्या डोळ्यावर टॉवेल बांधा आणि त्याला त्याच्या अंथरुणापासून थेट रस्त्यावर जायला सांगा. मोबाईलवर टायमर लावा, तुम्ही मागं मागं चाला, पडला तर धरायला, पण बोलायचं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मामांचं शेड आहे, तिथं आम्ही हे केलं. मामांच्या दुसऱ्या एका भाच्याला जिन्यापर्यंत यायला वेळ लागला नाही, रोजचीच वाट. खाली आल्यावर बीमला, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मागाच्या रुळाला, पाय अडकला. मग मागच्या दाराला पोचला तर आतून कडी आणि कडीला कुलूप. "मामा, किल्ली कुठंय?" किल्ली खिळ्याला होती, खिळा भिंतीवर होता, आणि भिंतीसमोर पॅक केलेल्या टॉवेलची थप्पी छातीएवढी. शेवटी फिरून पुढच्या शटरला आला, ते बाहेरून बंद. माझ्या टायमरवर ४ मिनिटं ११ सेकंद झाले होते आणि पोरगं अजून आतच होतं. आगही नव्हती, धूरही नव्हता, नुसता अंधार. मामा काही बोलले नाहीत, मामीच म्हणाल्या, "चोरासाठी एवढं केलं, आपल्यासाठी काय केलं?"

तर आता नकाशा.

पहिली गोष्ट, दोन वाटा, आणि त्या एकमेकींपासून लांब. लांब म्हणजे किती, तर इमारतींची देशपातळीवरची नियमावली आहे, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, तिच्या भाग ४ मध्ये साधा हिशोब दिलाय, मजल्याचा जो कर्ण असेल त्याच्या निम्मं अंतर दोन दारांत पाहिजे, आगीत छतातून आपोआप पाणी मारणारे स्प्रिंकलर असतील तर एक तृतीयांश चालतं. समजा शेड ४० बाय ६० फूट आहे. कर्ण येतो साधारण ७२ फूट, म्हणजे दोन दारांत किमान ३६ फूट. आपल्याकडे काय होतं, पुढं मोठं शटर आणि त्याच्याच बाजूला छोटं दार, दोन्हींमध्ये अंतर चार फूट, आणि मालक म्हणतो दोन दारं आहेत. आग पुढच्या बाजूला लागली की दोन्ही एकदमच गेली. हे एकच दार समजायचं.

इथं नियमातली एक पळवाटही आहे, ती माहीत असू द्या. कोडमध्ये कारखान्याला दोन जिने सक्तीचे होतात ते मजला ५०० चौरस मीटरच्या वर गेला की, नाहीतर उंची १५ मीटर झाली की. आपलं ४० बाय ६० म्हणजे सव्वादोनशे चौरस मीटरच्या आत. म्हणून इंजिनिअर एकच जिना दाखवतो, आणि कागदावर तो चुकत नाही. पण कोडमधली ती सूट साध्या कारखान्याचा विचार करून दिलेली आहे, जिथं माणूस जागा असतो आणि हॉर्न वाजला की पळतो. तुमच्या वरच्या मजल्यावर आजी झोपलेली आहे. तेव्हा कोड मागो न मागो, दुसरी वाट काढाच.

माणसांचा हिशोब पण करून बघा, अवघड नाही. कारखान्याला माणशी १० चौरस मीटर धरतात, म्हणजे आपल्या शेडमध्ये २२-२३ माणसं. सपाट वाटेला माणशी ६.५ मिलिमीटर आणि जिन्याला १० मिलिमीटर रुंदी. २३ माणसांना दार येतं १५० मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, त्यामुळे इथं हिशोबापेक्षा किमान माप महत्त्वाचं ठरतं: दार १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, कारखान्याचा जिना दीड मीटर. हे दीड मीटर ऐकलं की मालकाचा चेहरा पडतो, "साहेब, तेवढ्या जागेत अर्धा माग बसतो." बसतो, खरंय. पण १ मीटरच्या दारात चौकट आणि पल्ला धरून नेट किती उरतं ते टेपने मोजा, सुतार चौकटीच्या बाहेरचं माप सांगतो आणि आपण खुश होतो.

कुठूनही दारापर्यंतचं चालायचं अंतर कारखान्यात ४५ मीटर आणि राहत्या घरात ३० मीटरच्या आत पाहिजे. हे कावळा उडतो तसं मोजायचं नाही, मागांच्या मधून, थप्प्यांना वळसा घालून माणूस जसा चालेल तसं मोजायचं. छोट्या शेडला हे अंतर सहज बसतं. अडचण असते ती बोळाची, म्हणजे एका टोकाला काहीच नाही अशी आंधळी गल्ली, सुताच्या गोण्या लावता लावता आपोआप तयार होते. धुरात माणूस त्यात शिरला की परत फिरावं लागतं. सगळ्या गल्ल्या दोन्ही टोकांना मोकळ्या ठेवा, जमिनीवर पिवळा पट्टा मारा आणि पट्ट्यावर माल ठेवला की ज्याने ठेवला त्याच्याकडूनच उचलून घ्या.

आता दार. बाहेरच्या बाजूला उघडणारं, आतून किल्लीशिवाय, एका हाताने, अंधारात. आत उघडणाऱ्या दारावर पाच माणसं एकदम धडकली की ते दार म्हणजे भिंतच, मागचा ढकलतो आणि पुढच्याला ओढायला जागा नाही. न्यूयॉर्कला १९११ साली कपड्याच्या एका कारखान्यात १४६ कामगार गेले, त्यात बहुतेक पोरीबाळी, आणि एक दार कुलूपबंद होतं कारण मालकाला चोरीची भीती. शंभर वर्षांनी आपणही सूत गुंडाळलेल्या कोनांची चोरी होते म्हणून रात्रपाळीला बाहेरून कुलूप लावतो. चोरीवर उपाय पाहिजेच तर पॅनिक बार लावा, आडवी दांडी असते, आतून ढकलली की उघडते आणि बाहेरून उघडत नाही, सोबत दार उघडलं की वाजणारा भोंगा लावा, चोर पण सापडेल. बजेट नसेल तर बाहेरून कुलूप आणि आतून साधी फिरती कडी, अशी कुलपं मिळतात. शटरला मात्र बाहेर पडायची वाट समजू नका, लाईट गेल्यावर मोटरचं शटर उचलायला दोन गडी लागतात.

जिना हा या सगळ्यातला खरा मुद्दा. घराचा जिना शेडमध्ये उतरता कामा नये, हे एक वाक्य नकाशावर लाल पेनने लिहून ठेवा. धूर वर चढतो आणि जिना म्हणजे त्याच्यासाठी चिमणी. खाली सूत आणि प्लॅस्टिक पेटलं की ज्वाळा वर यायच्या कितीतरी आधी धूर येतो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. आगीत गेलेली माणसं पुष्कळदा जळून नाही तर धुराने गेलेली असतात. म्हणून घराचा जिना वेगळा, त्याला शेडपासून सलग पक्की भिंत, मध्ये दार नाही, खिडकी नाही, पाईपसाठी पाडलेलं भोकसुद्धा नाही, आणि खालचं दार थेट उघड्यावर. जिन्याभोवतीच्या भिंतींनी २ तास आग थोपवावी अशी अपेक्षा असते, आपली नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली असेल तर काळजी नाही. मध्ये दार ठेवावंच लागलं तर फायर डोअर, म्हणजे आग थोपवणारं दार, बसवा, आणि त्याला आपोआप बंद होणारा क्लोजर. आणि कृपा करून त्या दाराला वीट लावून उघडं ठेवू नका, महागाचं फायर डोअर घेऊन खाली वीट लावलेली मी किमान सहा ठिकाणी बघितलीय, वारं येतं म्हणे.

लोखंडी पोटमाळा आणि लोखंडी जिना शेडच्या आत असेल तर त्यावर भरवसा नको. लोखंड वितळत नाही पण ५५०-६०० अंशाला त्याची ताकद निम्म्यावर येते आणि ते वाकतं, सुताची आग तिथवर लवकर जाते. पोटमाळ्यावर कामगार झोपतात, तिथंच धूर सगळ्यात आधी भरतो. झोपायची जागा तिथून हलवा, यात चर्चा नाही. बाहेरच्या बाजूला गोल जिना लावायची पण फॅशन आहे, स्वस्त पडतो, जागा कमी लागते. कोड त्याला थोड्या माणसांसाठी आणि ९ मीटर उंचीपर्यंतच मान देतो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्यावरून उतरून बघा एकदा, मग ठरवा.

पायऱ्या घराच्या असतील तर पाऊल किमान २५० आणि चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, कारखान्याच्या असतील तर ३०० आणि १५०. सगळ्या पायऱ्या सारख्या पाहिजेत. शेवटची पायरी दीड इंच कमीजास्त झालेली असते, फरशी नंतर बसवल्यामुळे, आणि अंधारात पाय तिथंच चुकतो.

जिन्याखाली काय आहे ते बघा. मीटरचा बोर्ड, इन्व्हर्टर, दोन मोटारसायकली, आणि आता चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर. फ्लॅटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी पण आहे, तुमच्या तर अख्ख्या बिल्डिंगची वाट तीच एक. जिन्यातून विजेच्या आणि गॅसच्या लाईनी न्यायच्या नाहीत असं कोड स्पष्ट सांगतो, तरी मीटररूम तिथंच करतात कारण ती जागा एफएसआयमध्ये, म्हणजे परवानगीच्या बांधकामात, कशाला घालवायची. मीटर बाहेरच्या भिंतीला न्या, नाहीतर वेगळी खोली करा.

वरच्या घराला खिडक्यांना ग्रिल असतातच. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक ग्रिल आतून उघडणारं करून घ्या, बिजागरी आणि कडी, कुलूप नाही. वेल्डरला सांगितलं की अर्ध्या दिवसाचं काम. गच्चीच्या दाराची किल्ली दाराशेजारीच. धुराचा भोंगा घरात आणि शेडमध्ये दोन्हीकडे, आणि शेडचा वाजला की घरातला वाजला पाहिजे, नाहीतर खाली भोंगा बोंबलतोय आणि वर मे महिन्यात एसी कूलर सुरू करून दारं लावून सगळे झोपलेत, कुणाला ऐकू जाणार? जिन्यात आणि मागांच्या गल्लीत बॅटरीचे इमर्जन्सी लाईट, दीड तास चालणारे. बाहेर पडायच्या वाटेची पाटी हिरवी, पळणाऱ्या माणसाच्या चित्राची, कारण आपल्या कामगारांत कुणाला तेलुगू वाचता येतं, कुणाला कन्नड, कुणाला हिंदी, चित्र सगळ्यांना कळतं.

दारातून बाहेर पडल्यावर कुठं? मागचं दार चार फुटी बोळात उघडतं आणि बोळ कंपाउंडच्या भिंतीला संपतो, असं असेल तर ती वाट नाही. वाट रस्त्यापर्यंत गेली पाहिजे. बंब आत यायला गेट साडेचार मीटर रुंद, वळायला ९ मीटरची त्रिज्या, आणि गेटवरची कमान ५ मीटरच्या वर. हौसेने नावाची कमान बांधतात आणि बंब बाहेरच थांबतो.

कागदपत्रं थोडक्यात. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्यात जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची, म्हणजे भाड्याने घेतलंय म्हणून सुटका नाही. यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवून घ्यायची, ती फॉर्म ए देते, आणि नंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, सगळं चालू आहे असा फॉर्म बी द्यायचा. आम्ही असं लक्षात ठेवतो, एक सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी, एक आषाढीच्या आसपास. एजन्सीवाला नुसता सही-शिक्क्याचा कागद पाठवत असेल तर त्याला बोलवा आणि पंप तुमच्यासमोर सुरू करायला लावा.

आणि हो, सिलेंडर. कापड, तेल, गॅस अशा आगींवर चालणाऱ्या एबीसी पावडरचे दाराजवळ लावा, कोपऱ्यात नाही, म्हणजे विझवणारा दाराकडे पाठ करून उभा राहतो आणि नाही विझली तर लगेच निघता येतं. विजेच्या पॅनलजवळ कार्बन डायऑक्साईडचा. काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघा. लाईट-पंख्यांवर साचलेली रुई दर आठवड्याला झाडा, ठिणगीला तेवढीच पुरते. आग टेबलाएवढी असेपर्यंत सिलेंडर, त्याच्या वर गेली की सगळे बाहेर आणि १०१ नाहीतर ११२.

मामांनी शेवटी मागची थप्पी हलवली, कुलूप काढलं, पॅनिक बार लावला, घराचा जिना बाहेरून नवीन घेतला, त्यात दोन माग कमी झाले आणि त्यावरून अजून मला टोमणे बसतात. महिन्यापूर्वी परत भाच्याच्या डोळ्यावर टॉवेल बांधला. ५० सेकंदात रस्त्यावर, आणि तेही शेवटी थांबला म्हणून, कारण नवीन जिन्याच्या तळाशी मामींनी शेंगा वाळत घातल्या होत्या आणि त्याचा पाय बरोबर त्यातच पडला.