जपानला नोकरीला निघालात? तासांची नोंद ठेवा

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सेम्पाईच्या, म्हणजे सीनियर सहकाऱ्याच्या, टेबलाच्या खालच्या खणात दोन इस्त्रीचे शर्ट, दाढीचं सामान आणि एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या असायच्या. शेवटची ट्रेन चुकली की तो खुर्चीतच झोपायचा. विचारलं की म्हणायचा, "दाइजोबु", ठीक आहे. एका सोमवारी तो आलाच नाही. जीव वाचला, पण पुढे वर्षभर त्याला काम करता आलं नाही.

पुण्यात जपानी शिकताना ‘करोशी’, म्हणजे अतिकामाने मृत्यू, हा शब्द मी परीक्षेपुरता पाठ केला होता. २०१५ च्या नाताळात देंत्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या मात्सुरी ताकाहाशीने आत्महत्या केली. महिन्याला शंभरावर तास ओव्हरटाइम. कंपनीला दंड झाला अवघा पाच लाख येन! वाचून आजही जीव तुटतो.

ऑफिसात उशिरापर्यंत थांबा असं तुम्हाला कुणी सांगणार नाही. साहेब उठत नाहीत म्हणून कुणीच उठत नाही. मीही चार महिने तशीच बसून राहिले. आईला फोनवर "जेवले गं" म्हणायचे, तेव्हा हातात कोंबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली, ओनिगिरी (भाताचा गोळा) असायची.

सही करण्याआधी करारात ‘मिनाशी झांग्यो’ शोधा. म्हणजे ठरावीक तासांचा ओव्हरटाइम पगारातच धरलेला असतो. आकडा मोठा दिसतो, मूळ पगार कमी असतो. त्याहून जास्त तास भरले तर वेगळे पैसे द्यावेच लागतात.

२०१९ पासून कायद्याची सर्वसाधारण मर्यादा महिन्याला ४५ तास ओव्हरटाइम. सलग काही महिने सरासरी ८० च्या वर गेले, तर सरकारच त्याला करोशीची रेषा मानतं. सहाला सुटणाऱ्याने रोज रात्री दहाला निघायचं ठरवलं, की महिन्याभरात तो तिथे पोचतो. एवढं सोपं आहे ते.

म्हणून आल्या दिवसापासून येण्याजाण्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. सुइका या ट्रेनच्या प्रवास-कार्डाच्या नोंदी स्टेशनवरच्या मशीनमधून छापून मिळतात, त्या जपून ठेवा. ‘रोदो किजुन कांतोकुशो’ म्हणजे कामगार निरीक्षण कार्यालय. तिथे परदेशी माणसालाही तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

आपली मुलं गप्प बसतात ती व्हिसाच्या धाकाने. इंजिनिअरच्या व्हिसावर त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलता येते; इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवायचं असतं. हे मला पाचव्या महिन्यात कळलं. त्या संध्याकाळी साडेसहाला मी बॅग उचलली, "ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु", तुमच्याआधी निघते, माफ करा, म्हटलं आणि निघाले. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.